दुकान एकाचं, साठ्याची काळजी दुसऱ्याची: ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’ म्हणजे काय?

किराणा दुकानात टांगलेलं चिप्सचं रॅक बऱ्याचदा दुकानदार स्वतः भरत नाही. वितरकाचा माणूस ठरलेल्या दिवशी येतो, कोणती पाकिटं संपली ते बघतो, तारीख उलटलेली पाकिटं काढून घेतो, नवी लावतो आणि बिल फाडून पुढच्या दुकानाकडे जातो. कोणता माल किती लागेल, याचा विचार दुकानदाराऐवजी माल पुरवणाराच करतो.

हीच गोष्ट मोठ्या कंपन्या करारानं आणि संगणकाच्या मदतीनं करू लागल्या, तेव्हा तिला ‘व्हेंडर मॅनेज्ड इन्व्हेंटरी’ हे नाव मिळालं. थोडक्यात व्हीएमआय. सुपरमार्केटपासून वाहन कारखान्यांपर्यंत आणि हॉस्पिटलपासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत ही पद्धत वापरली जाते. तिच्यामुळे साठा आणि तुटवडा दोन्ही एकाच वेळी कमी होऊ शकतात. पण त्याच नावाखाली मोठा ग्राहक आपल्या साठ्याचं ओझं छोट्या पुरवठादाराच्या खांद्यावरही टाकू शकतो. त्यामुळे ही पद्धत नेमकी कशी चालते, हे समजून घ्यायला हवं.

नेहमीच्या खरेदीपेक्षा वेगळं काय?

नेहमीच्या व्यवहारात ग्राहक कंपनी स्वतःचा साठा मोजते, अंदाज बांधते आणि पुरवठादाराला ऑर्डर देते. पुरवठादाराला फक्त ऑर्डरचा आकडा दिसतो. तो माल का मागवला, गोदामात किती शिल्लक आहे, रोज किती खपतो, यातलं त्याला काहीच कळत नाही.

व्हीएमआयमध्ये ग्राहक ऑर्डर देत नाही, माहिती देतो. रोजची विक्री किंवा वापर आणि हातातला साठा, हे दोन आकडे पुरवठादाराकडे जातात. ते बघून कधी आणि किती माल पाठवायचा, हे पुरवठादार ठरवतो. ग्राहकानं आधी फक्त मर्यादा घालून दिलेल्या असतात: साठा अमुक नगांच्या खाली जायला नको आणि तमुक नगांच्या वर चढायला नको.

समजा, एका कारखान्यात रोज ४० बेअरिंग लागतात आणि पुरवठादाराला माल पोहोचवायला ४ दिवस लागतात. या ४ दिवसांत १६० बेअरिंग संपतील. गाडी उशिरा आली तर हाताशी असावेत म्हणून आणखी एका दिवसाचे ४० धरले, तर किमान पातळी २०० होते. जागा आणि गाडीची क्षमता बघून कमाल पातळी ८०० ठरवली. आता साठा २०० वर आला, की पुरवठादार कोणी फोन करण्याची वाट न बघता माल रवाना करतो. गाडी पोहोचेपर्यंत साठा ४० पर्यंत उतरलेला असेल, हे धरून तो जास्तीत जास्त ७६० नग भरू शकतो.

अंदाज इतका चुकतो कसा?

ही खटपट कशासाठी, याचं उत्तर ‘बुलव्हिप इफेक्ट’ या संकल्पनेत आहे. बुलव्हिप म्हणजे लांब चाबूक. मुठीजवळ मनगट जरासं हललं, तरी चाबकाचं टोक मोठा झोका घेतं. मालाच्या साखळीतही तसंच होतं.

एक सोपं गणित करू. एका दुकानात दर आठवड्याला साबणाच्या २० वड्या विकल्या जातात. एका आठवड्यात २४ विकल्या गेल्या. दुकानदाराला वाटलं, मागणी वाढली. त्यानं खपलेल्या २४ आणि वाढीव साठ्यासाठी ४, अशा २८ मागवल्या. घाऊक व्यापाऱ्याला २० ऐवजी २८ ची ऑर्डर दिसली. त्यानंही तोच हिशेब केला आणि २८ अधिक ८, म्हणजे ३६ मागवल्या. कंपनीला २० ऐवजी ३६ दिसल्या, म्हणून तिनं ५२ वड्या बनवायला घेतल्या. ग्राहकाची खरेदी २० टक्क्यांनी वाढली, पण कारखान्याचं उत्पादन १६० टक्क्यांनी. पुढच्या आठवड्यात विक्री पुन्हा २० वर आली, की हेच चक्र उलटं फिरतं आणि गोदामं भरलेली असताना यंत्रं थांबवावी लागतात.

यात कोणीही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकानं समोर दिसलेल्या आकड्यावर शहाणपणानंच निर्णय घेतला. अडचण इतकीच की खऱ्या ग्राहकाचा आकडा फक्त पहिल्या दुकानदाराला दिसत होता.

अमेरिकेतल्या एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या पुस्तकात ही चढउतार वाढत जाण्याची प्रक्रिया मांडली. १९९७ मध्ये हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि स्युंगजिन व्हांग या अभ्यासकांनी तिची चार कारणं सांगितली: प्रत्येक टप्प्यावर नव्यानं बांधलेला अंदाज, थोडं थोडं न मागवता एकदम मोठी ऑर्डर देणं, सवलतीच्या काळात भरून ठेवणं आणि टंचाईच्या भीतीनं गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवणं. ‘बुलव्हिप’ हा शब्द ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’मध्ये वापरला जात होता. लहान मुलांच्या डायपरची गरज आठवड्यागणिक फारशी बदलत नाही, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डर मात्र वेड्यावाकड्या उसळतात, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं.

वॉलमार्टनं काय केलं?

व्हीएमआयची सर्वात जास्त सांगितली जाणारी गोष्ट याच डायपरची आहे. १९८० च्या दशकात वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल यांच्यात मोठी उलाढाल होती, पण नातं घासाघाशीचं होतं. भाव आणि सवलत यापलीकडे दोन्ही बाजू एकमेकांशी फारसं बोलत नसत. १९८७ साली वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलचे विक्री उपाध्यक्ष लू प्रिचेट यांनी आर्कान्सा राज्यातल्या स्प्रिंग नदीत एकत्र नौकाविहार केला. पुढे दोन्ही कंपन्यांच्या वरिष्ठांच्या बैठका झाल्या आणि कामाची पद्धतच बदलली.

वॉलमार्टनं आपल्या विक्रीची आणि साठ्याची माहिती पुरवठादाराला खुली केली. प्रॉक्टर अँड गॅम्बलनं वॉलमार्टच्या मुख्यालयाजवळ, फेयेटव्हिलमध्ये स्वतंत्र पथक बसवलं. त्यात केवळ विक्रीचे लोक नव्हते. वाहतूक, हिशेब आणि संगणक विभागाचेही होते. पॅम्पर्ससारखा माल कधी भरायचा, हे पुरवठादार ठरवू लागला. हा बदल पुढे किरकोळ व्यापारातल्या अनेकांनी उचलला.

टाकीतला वायू संपायच्या आत

पण या कल्पनेचा जन्म एकट्या वॉलमार्टमध्ये झाला असं नाही. औद्योगिक वायू पुरवणाऱ्या कंपन्या हे आधीपासून करत होत्या. कारखान्यांमध्ये आणि हॉस्पिटलमध्ये द्रवरूप ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या मोठ्या टाक्या असतात. टाकीत किती शिल्लक आहे आणि कधी संपेल, याचा अंदाज वायू कंपनी घेते आणि टँकर पाठवते.

यात पुरवठादाराचाही मोठा फायदा असतो. ग्राहकाच्या फोनवर धावायचं म्हटलं, तर टँकर आज एका टोकाला आणि उद्या दुसऱ्या टोकाला पळतो. निर्णय स्वतःच्या हाती असला, की एकाच रस्त्यावरच्या तीन टाक्या एका फेरीत भरता येतात. अमेरिकेतल्या ‘एअर प्रॉडक्ट्स’ कंपनीनं यासाठी संगणक प्रणाली बनवली आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार वितरणाच्या खर्चात ६ ते १० टक्के बचत केली.

आता टाकीवरचं उपकरणच पातळी कळवतं. हीच कल्पना नट-बोल्टपर्यंत पोहोचली आहे. स्वित्झर्लंडच्या ‘बॉसार्ड’ कंपनीचे डबे वजनावरून किती नग उरले ते ओळखतात, तर जर्मनीच्या ‘वुर्थ’नं डब्यात कॅमेरा बसवला आहे. एका बोल्टची किंमत किरकोळ असते, पण तो संपला तर लाखोंच्या मशीनची जुळणी थांबते. म्हणून अशा स्वस्त पण अडवणाऱ्या वस्तूंसाठी ही पद्धत विशेष वापरली जाते.

विरोध घरातूनच

कागदावर सगळ्यांचा फायदा दिसत असला, तरी व्हीएमआय सहजासहजी स्वीकारलं जात नाही. इटलीतल्या ‘बारिला’ या पास्ता कंपनीचं उदाहरण जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत शिकवलं जातं, ते याचमुळे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बारिलाला वितरकांच्या ऑर्डरमधल्या चढउतारांनी हैराण केलं होतं. इटलीत पास्ता रोज खाल्ला जातो, तरी वितरकांच्या ऑर्डर मात्र एका आठवड्यात आभाळाला आणि दुसऱ्या आठवड्यात तळाला. कंपनीच्या लॉजिस्टिक्स विभागाचे प्रमुख ब्रान्डो व्हिताली यांनी सुचवलं, की वितरकांनी ऑर्डर देण्याऐवजी रोजचा साठा आणि विक्री कळवावी, माल किती पाठवायचा ते बारिला ठरवेल.

वितरकांना ते आवडलं नाही. साठा सांभाळणं हाच तर आमचा धंदा, तो तुमच्या हाती का द्यायचा, असा त्यांचा सूर होता. त्याहून मोठा विरोध बारिलाच्या विक्री विभागाचा होता. सवलती देऊन मोठ्या ऑर्डर मिळवणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यावरच त्यांची कमाई अवलंबून होती. वितरकाच्या गोदामात आपला माल कमी झाला, तर मोकळी जागा प्रतिस्पर्धी भरेल, अशीही भीती होती.

त्यामुळे योजना बराच काळ अडली. व्हिताली यांच्यानंतर आलेल्या जॉर्जो माज्याली यांनी ती आधी कंपनीच्या स्वतःच्या डेपोत राबवली, आकडे दाखवले आणि मग वितरकांकडे नेली. जिथे ती लागू झाली, तिथे साठाही घटला आणि माल संपण्याचे प्रसंगही कमी झाले. एरवी या दोन गोष्टी एकत्र साधत नाहीत, कारण तुटवडा टाळायचा तर साठा वाढवायचा, अशीच रीत असते.

मापाचा शर्ट परत कपाटात

व्हीएमआय किती पुढे जाऊ शकतं, हे हाँगकाँगच्या ‘टाल’ या वस्त्र कंपनीनं दाखवलं. अमेरिकेतल्या ‘जे. सी. पेनी’ या दुकानसाखळीसाठी ती शर्ट बनवत असे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानातल्या विक्रीचे आकडे थेट टालकडे येऊ लागले. कोणत्या दुकानात कोणत्या मापाचा, कोणत्या रंगाचा शर्ट गेला, हे बघून टाल नवा शर्ट शिवायची आणि थेट त्या दुकानाला पाठवायची. पूर्वी या मालासाठी पेनीच्या गोदामात महिनोन्‌महिन्यांचा साठा पडून असे. आता काही प्रकारच्या शर्टांसाठी गोदामातला साठा शून्यावर आला.

पण याचा अर्थ, आपल्या ग्राहकाला काय आवडतं याचं ज्ञान पेनीपेक्षा टालकडे जास्त साठू लागलं. किती माल मागवायचा हा निर्णय दुकान चालवणाऱ्याच्या अनुभवातून येतो. तो दुसऱ्याच्या हाती दिला, की तो अनुभवही हळूहळू त्याच्याकडे जातो आणि पुरवठादार बदलणं अवघड होतं.

‘कन्साइनमेंट’ म्हणजे हेच का?

नाही, आणि सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. व्हीएमआयमध्ये प्रश्न असतो, माल भरण्याचा निर्णय कोणाचा? कन्साइनमेंटमध्ये प्रश्न असतो, माल विकला किंवा वापरला जाईपर्यंत तो कोणाच्या मालकीचा?

निर्णय पुरवठादाराचा, पण माल पोहोचताच मालकी ग्राहकाची, असं असू शकतं. निर्णय ग्राहकाचा, पण वापर होईपर्यंत मालकी पुरवठादाराची, असंही असू शकतं. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारे स्क्रू आणि प्लेट बऱ्याच हॉस्पिटलमध्ये या दुसऱ्या प्रकारे ठेवतात. कोणतं माप लागेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पुरवठादार सगळी मापं ठेवतो आणि वापरलं त्याचंच बिल होतं.

दोन्ही एकत्र आल्या, की निर्णयही पुरवठादाराचा आणि अडकलेले पैसेही त्याचेच. मोठ्या कारखान्याजवळ भाड्याचं गोदाम घेऊन तिथे माल तयार ठेवायचा आणि जुळणीच्या साखळीवर गेला तेवढ्याचंच बिल करायचं, ही वाहन उद्योगातली व्यवस्था त्यातलीच.

छोट्या उद्योजकाचं गणित

पुणे परिसरातल्या चाकण, भोसरी, रांजणगावपासून नाशिक, छत्रपती संभाजीनगरपर्यंत हजारो लहान कारखाने मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. त्यांच्यासाठी हा फरक पुस्तकी नाही.

समजा, एक लघुउद्योजक रोज १ लाख रुपयांचे सुटे भाग देतो. ग्राहकानं सांगितलं, ३० दिवसांचा साठा आमच्या गोदामात तुमच्या मालकीनं ठेवा. वापरला की बिल करा. बिलाचे पैसे ४५ दिवसांनी मिळतील. म्हणजे ३० लाख साठ्यात आणि ४५ लाख येण्यात, असे ७५ लाख रुपये कायमचे अडकले. त्यावर १२ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ९ लाख. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर उलाढाल ३ कोटींची. म्हणजे विक्रीतले ३ टक्के नुसत्या वाट बघण्यात गेले. सुट्या भागांच्या धंद्यात नफ्याचा मोठा भाग एवढ्यातच जाऊ शकतो.

आणखी एक अडचण असते. माल वापरला जाईपर्यंत बिल नाही आणि बिल नाही म्हणजे ते दाखवून बँकेकडून पैसेही उचलता येत नाहीत. माल दुसऱ्याच्या गोदामात, विमा आपला, खराब झाला तर वाद. ग्राहकानं मॉडेल बंद केलं, तर पडून राहिलेला माल कोणी घ्यायचा, हा प्रश्न वेगळाच.

कायदा काय सांगतो?

सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या मालाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागू होतं. २०२३ च्या अर्थसंकल्पानं त्याला प्राप्तिकराची जोड दिली: मुदत उलटून दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते.

यातला कळीचा शब्द ‘स्वीकारल्यापासून’. माल गोदामात उतरला तो दिवस स्वीकाराचा, की वापरायला काढला तो? करारात हे स्पष्ट नसेल, तर ४५ दिवसांचं घड्याळ कधी सुरू झालं यावरच भांडण होतं. जीएसटीतही विक्री किंवा परत या बोलीवर पाठवलेल्या मालासाठी मर्यादा आहे. असा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांत किंवा विक्री पक्की होताच, यातलं जे आधी घडेल तेव्हा बिल करावं लागतं. म्हणजे माल पडून राहिला तरी कराचा हिशेब अनंतकाळ थांबत नाही.

ही पद्धत फसते कधी?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ‘स्पार्टन स्टोअर्स’ या किराणा साखळीनं १९९० च्या दशकात व्हीएमआय सुरू करून साधारण वर्षभरात बंद केलं. पुरवठादारांचे अंदाज दुकानाच्या खरेदी विभागापेक्षा चांगले ठरत नव्हते. विशेषतः सवलतीच्या काळात विक्री उसळली, की त्यांचा हिशेब कोलमडत असे. तेव्हा खरेदी विभागाला पुन्हा लक्ष घालावंच लागे आणि वेळ काही वाचत नसे.

बहुतेक अपयशांमागे अशीच कारणं असतात. संगणकात साठा ५०० आणि प्रत्यक्षात ३००, असा फरक असेल तर उत्तम प्रणालीही चुकीचाच निर्णय देते. सेल किंवा सणाची योजना आधी कळवली नाही, तर पुरवठादार अंधारात राहतो. काही ग्राहक तर आकडे न देताच ‘माल संपता कामा नये’ एवढंच सांगतात. अशा वेळी पुरवठादार भीतीपोटी साठा वाढवतो. मग एकूण साठा कमी होत नाही. तो फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो आणि त्याचं व्याज शेवटी कुठेतरी किमतीत येतंच.

करार करण्याआधी काय बघावं?

अशा व्यवस्थेत शिरणाऱ्या पुरवठादारानं पुढच्या गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात:

- विक्री किंवा वापराचे आकडे किती वेळा आणि कोणत्या स्वरूपात मिळतील?
- साठ्याची किमान आणि कमाल पातळी कोणी ठरवायची आणि ती किती महिन्यांनी तपासायची?
- मालकी कोणत्या क्षणी बदलते आणि पैशांची मुदत कधीपासून मोजायची?
- किती दिवस न हललेला माल ग्राहकानं विकत घेतलाच पाहिजे?
- चोरी, मोडतोड आणि विमा कोणाच्या खात्यावर?
- मोजणीत फरक आला तर कोणाची मोजणी ग्राह्य?
- उत्पादन बंद झालं, तर आधी किती दिवस कळवायचं आणि उरलेल्या मालाचं काय?

ग्राहक कंपनीनंही एक गोष्ट तपासावी: पुरवठादाराला दिलेले विक्रीचे आकडे गुप्त राहतील, याची हमी करारात आहे का? तोच पुरवठादार प्रतिस्पर्ध्यालाही माल देत असू शकतो.

वरच्या यादीतला पहिला मुद्दा मान्य नसेल, तर बाकीच्यांना फारसा अर्थ उरत नाही. पुरवठादाराला खऱ्या मागणीचा आकडा दिसला, तरच त्याचा निर्णय ग्राहकापेक्षा चांगला ठरण्याची शक्यता असते. आकडा न देता केवळ जबाबदारी सोपवली, तर त्या व्यवस्थेला व्हीएमआय म्हटलं तरी ती उधारीवर ठेवलेला माल एवढीच असते.